हार्ड डिस्क आचके देते तेव्हा

(सांगलीत डीटीपी व्यावसायिक, छोटे मुद्रक आणि लेखक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण पेजमेकर आणि कोरल ड्रॉवर पोट भरणारे आहेत, म्हणून प्रस्तावना करत बसत नाही. हार्ड डिस्क मरायला टेकली की आतला मजकूर बाहेर कसा काढायचा, एवढंच बोलणार आहे. बॅकअप घ्या हे सांगायला मी आलेलो नाही. ते तुम्हाला माहीत आहे, आणि तरी तुम्ही घेत नाही हे मला माहीत आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मजकूर काढून घ्यायला आमच्याकडे येणाऱ्या डिस्कांमधला बराचसा मजकूर डिस्क बिघडली म्हणून गेलेला नसतो. बिघडल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत जी खटपट होते, तिच्यापायी गेलेला असतो. संगणक अडकतो. बंद करून चालू करतात. पुन्हा अडकतो. मग "कॉम्प्युटरमधलं कळणारा" भाचा येतो. तो चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधला डिस्क तपासायचा प्रोग्राम, लावतो आणि चहा प्यायला बसतो. चहा होईपर्यंत जे वाचण्यासारखं होतं, त्यातलं निम्मं गेलेलं असतं.

असं का होतं हे समजायचं तर डिस्कच्या पोटात डोकवावं लागेल. आत चकचकीत तबकड्या असतात. डेस्कटॉपच्या डिस्कमध्ये त्या मिनिटाला ७२०० वेळा फिरतात, म्हणजे सेकंदाला १२० फेरे. ९५ मिलिमीटर व्यासाच्या तबकडीच्या कडेचा वेग काढलात तर ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर जातो. तिच्यावरून वाचणारं हेड अवघ्या काही नॅनोमीटरवरून तरंगत जातं. आपला केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करा. हेड तबकडीला टेकलं की तिथला चुंबकीय थर खरवडला जातो, त्याची पूड आत उडते आणि ती पूड पुढचं नुकसान करते. म्हणजे अशी डिस्क चालू राहते तेवढा वेळ ती स्वतःलाच खात असते.

दुसरी गोष्ट तिच्या स्वभावाची. एखादा सेक्टर, म्हणजे तबकडीवरचा मजकुराचा छोटा कप्पा, वाचता आला नाही तर डिस्क लगेच "जमत नाही" म्हणत नाही. ती पुन्हा प्रयत्न करते, हेड किंचित सरकवून करते, परत करते. एकेका सेक्टरवर कित्येक सेकंद जातात. वर विंडोजही स्वतःहून पुन्हा मागत राहतो. त्यात एखादा फोल्डर उघडलात की फोटोंची छोटी चित्रं दाखवण्यासाठी तो आणखी शेकडो ठिकाणी हेड पळवतो. तुम्ही फक्त "बघत" असता, पण डिस्कचं उरलेलं आयुष्य खर्ची पडत असतं.

लक्षणं बहुतेकांना माहीत आहेत: फाइल उघडायला मिनिट लागतं, मध्येच सगळं गोठतं, डिस्क दिसेनाशी होऊन पुन्हा दिसते. अशा वेळी एकदाच, आणि थोडक्यात, डिस्कची स्मार्ट नोंद, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघा. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा फुकट प्रोग्राम ती दाखवतो. बाकीच्या ओळी सोडा, ५, १९७ आणि १९८ या तीन क्रमांकांकडे बघा. ५ म्हणजे खराब झाले म्हणून बदललेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता आले नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागायचा आहे असे. १९८ म्हणजे तपासणीतही न वाचले गेलेले. १९७ च्या पुढे शून्य नसेल तर हातातलं काम थांबवा. आणि या तिन्ही ओळी स्वच्छ असून फक्त १९९, म्हणजे केबलमधून जाता-येता झालेल्या चुकांचा आकडा, वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी केबल बदला, तिचाच दोष असण्याची शक्यता जास्त.

आता एक प्रकरण जरा सविस्तर सांगतो. इथल्याच एका छापखान्याची पाचशे जीबीची डिस्क. दिवाळी अंक अर्धा लावून झालेला, जाहिराती आलेल्या. संपादकांचा दर तासाला फोन. मालकांचं म्हणणं एकच: "फक्त तेवढा एक फोल्डर काढून द्या, बाकीचं गेलं तरी चालेल." मी नाही म्हटलं. फोल्डर उघडून कॉपी करायला गेलो असतो तर पहिल्या खराब फाइलीवर विंडोज अडून बसला असता आणि डिस्क तिथेच घासत राहिली असती. आधी अख्ख्या डिस्कची सेक्टर-न्-सेक्टर प्रत काढायची. फाइली शोधायच्या त्या प्रतीतून.

यासाठी आम्ही ग्नू डीडीरेस्क्यू वापरतो. आंतोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिलेला, लिनक्सवर चालणारा फुकट प्रोग्राम आहे हा. सिस्टमरेस्क्यू नावाची लिनक्सची आवृत्ती पेनड्राइव्हवर टाकून संगणक तिच्यावरून सुरू केला की तो त्यात तयार असतो. त्याची अक्कल क्रमात आहे. विहीर आटत आली की आधी पिण्याच्या घागरी भरतात, धुण्याचं नंतर बघतात, तसं तो आधी सहज मिळेल ते उचलतो. अडचण दिसली की तिथे झटापट न करता पुढे उडी मारतो. डिस्कचा चांगला भाग आधी हाती लागतो, मग तो मागे वळून सोडलेल्या जागांच्या कडा कुरतडतो आणि अगदी शेवटी खराब सेक्टरांवर हट्ट धरतो. तो हट्टही किती वेळा धरायचा हे तुम्ही ठरवता.

याची खरी करामत म्हणजे सोबतची मॅपफाइल. साधी मजकुराची फाइल असते, कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. डिस्कच्या प्रत्येक पट्ट्यासमोर एक खूण: अधिकचं चिन्ह म्हणजे वाचून झालं, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून गेलोच नाही, वजा म्हणजे सेक्टर खराब. मध्येच लाइट गेली, आणि आपल्याकडे ती जातेच, तरी मॅपफाइल जागेवर असेल तर काम होतं तिथून पुढे सुरू होतं. ती द्यायची विसरलात तर पुन्हा पहिल्यापासून डिस्क घासावी लागते.

त्या छापखान्याच्या डिस्कचं असं झालं की पहिल्या फेरीत बराचसा भाग सरळ आला आणि मधल्या एका पट्ट्यात गाडी रुतली. पहिली फेरी संपली तेव्हा मी मॅपफाइल मालकांना दाखवली. त्या पट्ट्यातल्या वजा चिन्हांकडे बोट दाखवून ते म्हणाले, "यात आमचा अंक आहे का?" तोवर सांगता येत नव्हतं. प्रत उघडून बघितल्यावर अंकाची पानं निघाली, खराब जागेत कुठल्यातरी जुन्या सिनेमाचा तुकडा होता. दैव म्हणा हवं तर. पण आधी त्या सिनेमाच्या मागे लागलो असतो तर पानांपर्यंत पोचलोच नसतो.

घरी करणार असाल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. प्रत घ्यायची ती दुसऱ्या डिस्कवर, आणि ती मूळ डिस्कहून मोठी हवी. त्या डिस्कची रचना फॅट३२ नको, कारण तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. आजारी डिस्क शक्यतो साटा केबलने थेट जोडा, यूएसबी डॉकमार्फत, म्हणजे डिस्क बाहेरून जोडायच्या खोक्यातून, नको. खराब सेक्टर आला की स्वस्तातला डॉक आधी गळपटतो. शेजारी छोटा पंखा लावा. आणि कुठली डिस्क मूळ, कुठली रिकामी, हे लेबलावरचा सिरियल नंबर पडद्यावरच्या नंबराशी ताडून दोनदा बघा. उलट दिशा दिलीत तर रिकाम्या डिस्कची इमानदार प्रत तुमच्या मजकुरावर चढेल. निरोगी डिस्क सेकंदाला शंभर एमबीने वाचली तर १ टेराबाइटला पावणेतीन तास लागतात. आजारी डिस्कला दिवस लागतात. लागू देत.

मघाशी चेकडिस्कवर घसरलो, त्याचं कारण सांगतो. चेकडिस्क तुमच्या फाइली वाचवायला बनवलेला नाही. डिस्कवरचा हिशेब जुळवायला बनवलेला आहे. एखाद्या फोल्डरची नोंद वाचता आली नाही की तो नोंद खोडतो, फाइलींचे तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो आणि हिशेब जुळला म्हणून मोकळा होतो. हे सगळं तो त्याच मरत्या डिस्कवर लिहितो. निरोगी डिस्कवर, लाइट जाऊन गडबड झाली असेल तर तो कामाचा आहे. आजारी डिस्कवर तो विष आहे. "डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा" असं विंडोज विचारतो तेव्हाही तेच. नाही म्हणा. कुणी घाईत हो म्हटलं असेल तरी क्विक फॉरमॅट फक्त वरची यादी नवी करतो, खालचा मजकूर बहुतांशी तसाच असतो. पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून पुढे सगळीकडे शून्यं लिहितो. त्यानंतर आमच्याकडे येऊ नका, उगाच रिक्षाचे पैसे.

प्रत हाती आली की घाई संपली. आता हवे ते प्रयोग करा, मूळ डिस्क कपाटात आहे. पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या सी, डी अशा भागांची, नोंद उडाली असेल तर क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं टेस्टडिस्क ती शोधून देतं. फोल्डरांची यादीच नष्ट झाली असेल तर त्यांचंच फोटोरेक आहे. ते यादीकडे बघतच नाही, थेट सेक्टरांत फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा हुडकतं. प्रत्येक जेपीईजी फोटोची सुरुवात ठरावीक बाइटांनी होते, पीडीएफची टक्केचिन्ह आणि पीडीएफ या अक्षरांनी, आणि वर्डच्या नव्या फाइलीची 'पीके' या अक्षरांनी, कारण ती मुळात झिप फाइल असते आणि फिल कॅट्झ या झिपच्या जनकाची ही आद्याक्षरं. पण इथे फाइलींची नावं मिळत नाहीत, नुसते आकडे मिळतात. शिवाय फाइल डिस्कवर तुकड्यांत विखुरलेली असेल तर ती अर्धवट निघते. म्हणून आधी यादीच्या आधाराने काढा, फोटोरेक शेवटी.

आता ज्या डिस्का घरी हातात घ्यायच्याच नाहीत त्यांच्याबद्दल. टक्-टक् आवाज येतो, पडलेली आहे, संगणकाला दिसतच नाही, किंवा पाण्यात बुडाली होती, तर वीज लावू नका. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी दुकानांत शिरलं, तेव्हाच्या डिस्का आठवत असतील तुम्हाला. बहुतेक डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असतं. पुराचं पाणी आत गेलं की गाळ सोबत जातो. लोकांनी त्या उन्हात वाळवल्या, हेअर ड्रायर लावला, तांदळात पुरल्या. पाणी उडून गेलं आणि गाळ तबकडीवर चिकटून बसला. ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून तशीच प्रयोगशाळेत पाठवली असती तर आशा जास्त होती. तिथे धूळविरहित खोलीत डिस्क उघडतात, तबकड्या धुतात, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कची हेड बसवतात. जुन्या डिस्कचं सर्किट बदलून चालायचं, आता तेवढ्यानं भागत नाही; प्रत्येक डिस्कची स्वतःची मोजमापं त्या सर्किटवरच्या चिपमध्ये असतात, ती चिपही हलवावी लागते.

अशा खोलीत काय होऊ शकतं याचं उदाहरण म्हणजे अमेरिकेचं कोलंबिया अवकाशयान. १ फेब्रुवारी २००३ ला परतताना ते टेक्सासवर फुटलं, कल्पना चावला त्यात होत्या. यानात झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाची नोंद करणारी सीगेटची डिस्क होती. अवशेषांत ती काही महिन्यांनी कोरड्या तळ्याच्या पात्रात सापडली. प्लास्टिक वितळलेलं, सील जळालेलं, आत माती. अमेरिकेतल्या ऑनट्रॅक कंपनीच्या तंत्रज्ञांनी तबकड्या धुऊन दुसऱ्या सांगाड्यात बसवल्या आणि ९९ टक्के मजकूर काढला. निष्कर्ष २००८ मध्ये फिजिकल रिव्ह्यू ई या नियतकालिकात छापून आले. त्यात एक सुदैव होतं. डॉस प्रणालीने मजकूर एका बाजूला सलग लिहिला होता, आणि खड्डे पडले होते ते रिकाम्या भागात. यानातल्याच इतर डिस्कांतून मात्र काही निघालं नाही. तेव्हा हे ऐकून कुणी माझ्याकडे जळकी डिस्क घेऊन येऊ नये.

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय तुम्ही ऐकला असेल. बाहेर काढल्यावर तबकडीवर बाष्प जमतं आणि हेड त्या थेंबांवर आदळतं. सोडून द्या.

एसएसडीचं, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर मजकूर ठेवणाऱ्या डिस्कचं, गणित वेगळं. ती कण्हत नाही, एक दिवस सरळ दिसेनाशी होते. पुसलेली फाइलही, पुसलेल्या जागा रिकाम्या करून टाकणाऱ्या ट्रिम या सोयीमुळे, बहुधा कायमची जाते. आणि नवीन लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं मजकूर कुलूपबंद करणारं साधन, चालू असेल तर ४८ आकडी किल्लीशिवाय उत्तम प्रतही निरुपयोगी. ती किल्ली आजच शोधून कागदावर लिहा. बाहेर लावायच्या काही डिस्कांतही डब्यातलं सर्किटच मजकूर कुलूपबंद करतं, तेव्हा डबा फोडून आतली डिस्क नुसती जोडली तर कचरा दिसतो.

शेवटी तुमच्या धंद्यातली एक अडचण. फाइली परत मिळतात, उघडतात, आणि आत इंग्रजी अक्षरांचा बुजबुजाट दिसतो. माणसं म्हणतात, फाइल खराब निघाली. ती खराब नसते. श्रीलिपी, आकृती, शिवाजी हे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठी चित्रं बसवतात, आणि फॉन्ट राहिले त्या मेलेल्या डिस्कच्या विंडोज फोल्डरमध्ये. म्हणून प्रतीतून फाइली काढताना फॉन्टचा फोल्डरही काढून घ्या. ते बसवले की मजकूर पुन्हा मराठीत दिसतो. मग वाटलं तर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये करा, पण जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घातल्याशिवाय छपाईला पाठवू नका.