पंचवीस एकरांना एक घर

वॉशिंग्टनच्या वेशीपासून वायव्येला निघाले की तासाभरात काचेच्या इमारती मागे पडतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका, सोयाबीन व घोड्यांची कुरणे दिसू लागतात. ही अजूनही मेरीलँड राज्यातली माँटगोमेरी काउंटीच आहे. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या या काउंटीत सुमारे ९३,००० एकर, म्हणजे जवळपास एक तृतीयांश क्षेत्र, शेतीसाठी राखीव आहे.

१९८० साली काउंटीने या पट्ट्यात पाच एकरांऐवजी पंचवीस एकरांमागे एकच घर, असा नियम केला. जमिनीचे भाव पडतील ही शेतकऱ्यांची भीती रास्तच होती. त्यावर निघालेल्या तोडग्याचे नाव मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांना ओळखीचे वाटेल: टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क. दर पाच एकरांमागे मिळालेला बांधकामाचा हक्क शेतकऱ्याने बिल्डरला विकायचा, बिल्डरने तो वापरून शहरी भागात जादा घरे बांधायची आणि शेत मात्र शेतच राहायचे. या मार्गाने ५०,००० एकरांहून अधिक जमीन वाचली. शिवाय शेतजमिनीवरचा कर बाजारभावावर नव्हे, तर शेतीच्या वापरावर आकारण्याची पद्धत मेरीलँडने १९५६ मध्येच, देशात सर्वप्रथम, सुरू केली होती.

पण हे दोन्ही लाभ मालकाचे. दोन एकर, म्हणजे ऐंशी गुंठे, खंडाने घेऊन भाजी पिकवणाऱ्याने काय करायचे?

त्याच्यासाठी संघीय कृषी खात्याच्या योजना आहेत. आधी शेताची नोंद करून क्रमांक घ्यायचा. त्यावाचून पुढचे बहुतेक अर्ज हलत नाहीत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्मकर्जाची मर्यादा आता ५०,००० डॉलर असून त्याची कागदपत्रे नेहमीच्या कर्जाच्या मानाने बरीच कमी आहेत. ज्या पिकांना विमा मिळत नाही, त्यांच्यासाठी वेगळी नुकसानभरपाई योजना आहे आणि नवशिक्या शेतकऱ्याला तिचे मूलभूत संरक्षण शुल्काविना मिळते.

सर्वांत जास्त डोळ्यांत भरते ते हे पॉलिटनेल. लोखंडी कमानींवर प्लास्टिक ताणलेले आहे, आतल्या बाजूने दवाचे थेंब ओघळत आहेत आणि बाहेर बर्फ असताना आत पालक हिरवागार आहे. यासाठीही कृषी खात्याचे अनुदान आहे. ते चौरस फुटांवर ठरते, पण एरवी काम पुरे होऊन तपासणी झाल्यावरच हाती येते. नव्या शेतकऱ्याला निदान अर्धी रक्कम आगाऊ मागता येते, आणि ही सवलत नसती तर पुष्कळांनी अर्जच केला नसता, असे आमचे मत आहे. खरी अडचण पुढे येते. अनुदानाच्या कराराच्या संपूर्ण मुदतीत जमीन आपल्या ताब्यात राहील, हे अर्जदाराला दाखवावे लागते. खंडाचा कागद एका वर्षाचा असेल, तर पॉलिटनेलची मोजणी होण्याआधी त्याला जमीनमालकाकडे जाऊन मुदत वाढवून मागावी लागते.