सहा ना, साहेब?

मघाशी ओळख करून देताना माझा उल्लेख ‘गोल्फपटू’ असा झाला. आमच्या क्लबातलं कुणी इथे नाही हे बरं, नाहीतर सभागृहात हशा पिकला असता. मी ४७व्या वर्षी काठी हातात धरली, आज ६८ पूर्ण आहेत आणि माझा हँडिकॅप २४ आहे. हा आकडा ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्या मैदानावर चांगला खेळाडू ७२ फटक्यांत घरी जातो, तिथे मी शंभराच्या आत आलो तर जाताना चितळ्यांकडून श्रीखंड घेऊन जातो. श्रीखंड वर्षातून तीन-चारदाच येतं.

खेळ समजायला अगदी सोपा आहे. वाड्यात गोट्या खेळताना आपण जमिनीत गल खणायचो ना, तीच ही गल. फक्त ती तीनशे-चारशे मीटरवर असते, तोंड १०८ मिलिमीटर रुंद, आणि गोटी जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमची. अशा १८ गली. जो कमी फटक्यांत सगळं उरकेल तो जिंकला.

गोट्यांशी साम्य इथे संपतं. गोट्यांत चौघं गलीभोवती उकिडवी बसलेली असायची. कुणी बोटभर पुढे सरकलं की लगेच आरडाओरडा, ‘रडीचा डाव खडी!’ गोल्फमध्ये माझा चेंडू डावीकडच्या झुडपात, तुमचा उजवीकडच्या ओढ्यात, तिसऱ्याचा कुठे ते त्यालाही माहीत नाही. शंभर-सव्वाशे एकरांत पंच उभा तरी कुठे करणार? मोठ्या स्पर्धांत नियम सांगणारे अधिकारी असतात, पण रविवारच्या आमच्या खेळात कुणी नसतं. चूक आपण केली, ती पाहिली आपण, दंडही आपणच स्वतःला लावायचा.

या खेळाचे पहिले लिखित नियम १७४४ साली एडिंबरोजवळच्या लीथ इथे झाले. तेरा होते. त्यातला पहिलाच नियम असा की पुढच्या गलीसाठी चेंडू मांडायचा तो आधीच्या गलीपासून एका काठीच्या अंतरात. म्हणजे जिथे आज आम्ही बूट घासायलाही घाबरतो, तिथेच ते सद्गृहस्थ काठ्या आपटत होते! शिष्टाचारही काळाप्रमाणे बदलतो तो असा. पुढे बरीच वर्षं नियमपुस्तकाचं पहिलं प्रकरण शिष्टाचाराचं असायचं. २०१९ च्या मोठ्या फेरबदलात ते स्वतंत्र प्रकरण गेलं आणि खेळाडूने कसं वागावं हे थेट पहिल्याच नियमात आलं.

आता, शिष्टाचार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं? कॉलरचा टी-शर्ट, शर्ट खोचलेला, जीन्स चालणार नाही, क्लबहाउसमध्ये टोपी काढा. नवीन सभासद हे सगळं पहिल्या आठवड्यात शिकतो, कारण ते शिकवायला दहा जण टपलेले असतात. पण खेळाच्या नियमपुस्तकात कॉलरचा उल्लेख नाही. तो क्लबाचा घरगुती नियम. घर त्यांचं आहे, पाळावा, माझी तक्रार नाही. तक्रार इतकीच आहे की कडक इस्त्रीचा शर्ट घालून आलेला माणूस बंकरमध्ये, म्हणजे मैदानातल्या वाळूच्या खड्ड्यात, म्हैस गेल्यासारखे खळगे करून निघून जातो आणि त्याला कुणी हटकत नाही.

मला विचाराल तर हा सगळा शिष्टाचार पंगतीचा आहे. पहिली पंगत बसली आहे, दुसरी पंगत दाराशी ताटकळत उभी आहे. अशा वेळी आपण मठ्ठ्याची तिसरी वाटी मागून गप्पा छाटत बसत नाही, आणि आपलं पान तसंच टाकून उठतही नाही. गोल्फमध्ये दर दहा-बारा मिनिटांनी मागून एक गट सुटतो. तो तुम्हाला दिसतो, तुम्ही त्याला दिसता. आपण उठून गेल्यावर त्याला काय सापडणार आहे, एवढं डोक्यात ठेवलं की निम्मं पुस्तक पाठ झालं.

उदाहरण देतो. ग्रीनवर, म्हणजे गलीभोवतीच्या त्या गालिच्यासारख्या गवतावर, चेंडू उंचावरून पडला की एक खळगा पडतो. पिचमार्क म्हणतात त्याला. तो लगेच नीट केला तर काही दिवसांत भरून येतो. तसाच सोडला तर तिथलं गवत मरतं आणि कित्येक आठवडे टक्कल राहतं. नीट करायचा म्हणजे कसा, हे वीस-वीस वर्षं खेळणाऱ्यांनाही माहीत नसतं. ते काटा खुपसतात आणि खालची माती वर उचकटतात. दिसायला सपाट होतं, पण मुळं तुटतात. खरी रीत अशी की कडेचं गवत चहूबाजूंनी आत, मध्याकडे ढकलायचं आणि वरून पटरने, म्हणजे ग्रीनवर वापरायच्या काठीने, हलकं दाबायचं. शिवणकाम करणाऱ्यांना पटकन कळेल: ठिगळ लावायचं नाही, भोकाच्या कडा जवळ आणायच्या. मी स्वतःचा एक खळगा आणि दुसऱ्या कुणाचा तरी एक असे दोन बुजवतो. माझे चेंडू ग्रीनवर उंचावरून क्वचितच पडतात, त्यामुळे बहुतेक वेळा दोन्ही दुसऱ्यांचेच असतात.

तसंच फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे नेणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, काठीने उडालेल्या गवताच्या ढलपीचं. ती परत बसवा, नाहीतर वाळू भरा. बंकरमध्ये उतरायचं ते खालच्या कडेने, आणि बाहेर पडताना आपली पावलं दाताळ्याने पुसत यायचं. मागच्याचा चेंडू तुमच्या टाचेच्या खड्ड्यात बसला तर नियम त्याला काही सवलत देत नाही. चूक तुमची, भोगणार तो.

आरडाओरडा करायचा नाही, दुसरा खेळताना हलायचं नाही, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. एकदा मात्र ओरडावंच लागतं. चेंडू माणसांच्या दिशेने निघाला की ‘फोर!’ आणि तेही बेंबीच्या देठापासून. माझ्यासारख्या सामान्य माणसाच्या काठीवरून सुटलेला चेंडूसुद्धा ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेग घेऊ शकतो. पुणेकर इथे संकोचतात. उगाच कशाला ओरडायचं, लागला नाही तर हसं होईल! होऊ द्या.

वेळेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण या विषयावर माझा तोल जातो. हरवलेला चेंडू शोधायला आता तीन मिनिटं मिळतात, पूर्वी पाच होती. फटक्याला चाळीस सेकंद पुरेत असं पुस्तक म्हणतं. आमच्याकडे एक गृहस्थ चेंडूसमोर उभे राहून काठी इतक्या वेळा हलवतात की मला सत्यनारायणाच्या पूजेतलं पळीने पाणी सोडणं आठवतं.

आता मोजण्याकडे येतो. त्यासाठीच आज खरं म्हणजे मी आलो.

१९२५ ची यूएस ओपन, वूस्टरचं मैदान. बॉबी जोन्स हा हौशी खेळाडू. जगातला सर्वोत्तम, पण स्पर्धा खेळला तोवर हौशीच राहिला. पहिल्याच फेरीत, उंच गवतात काठी चेंडूमागे ठेवताना गवत हललं आणि चेंडू किंचित सरकला. पाहिलं फक्त त्याने. अधिकाऱ्यांनी आजूबाजूला चौकशी केली, कुणालाच काही दिसलं नव्हतं. त्याने स्वतःवर एक फटका दंड लावून घेतला. शेवटी विली मॅकफार्लेनशी बरोबरी झाली आणि निर्णायक फेऱ्यांमध्ये जोन्स एका फटक्याने हरला. लोक कौतुक करायला लागले तेव्हा तो म्हणाला, हे म्हणजे एखाद्याने बँक लुटली नाही म्हणून त्याची पाठ थोपटण्यासारखं झालं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. १९६८ ची मास्टर्स, अमेरिकेतली मोठी स्पर्धा. अर्जेंटिनाचा रोबेर्तो दे विसेन्झो, त्या दिवशी त्याचा ४५वा वाढदिवस. गोल्फमध्ये तुमचे आकडे तुमचा जोडीदार लिहितो, आणि तुम्ही तपासून सही करता. सतराव्या गलीला त्याने तीन फटके घेतले होते, टीव्हीवर लाखोंनी पाहिले होते. जोडीदार टॉमी एरनने चुकून चार लिहिले. दे विसेन्झोने न पाहता सही केली. सहीचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त असेल तर तोच कायम राहतो. एका फटक्याने मास्टर्स हुकली, बॉब गोल्बी विजेता झाला. ‘मी किती मूर्ख’ असं तो म्हणाला. दोष एरनवर ढकलला नाही. मला वाटतं, चूक कबूल करण्यापेक्षा हे अवघड आहे. आपण इथे पार्किंगमध्ये घासलेल्या आरशावरून अर्धा तास भांडतो.

या दोन्ही गोष्टी गोल्फच्या प्रत्येक व्याख्यानात येतात. पण त्यात एक माणूस नसतो, आणि आपल्या देशात तो माणूस प्रत्येक फटक्याला हजर असतो. खेळाडूची बॅग वाहणारा कॅडी.

भारतात हा खेळ जुना आहे. १८२९ चा रॉयल कलकत्ता क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. खेळ साहेबांचा होता, पण बॅगा वाहणारे, गवत कापणारे आपले होते, आणि पुढे चांगले खेळाडूही त्यांच्यातूनच आले. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा अली शेर कॅडीचं काम करत मोठा झाला. एस. एस. पी. चौरसिया हा गोल्फपटू रॉयल कलकत्त्यात गवत राखणाऱ्या माळ्याचा मुलगा. त्याने हीच स्पर्धा २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ जिंकली. मुंबईत चेंबूरला प्रेसिडेन्सी क्लबाच्या शेजारच्या वस्तीत कॅडी आणि पोरं लोखंडी सळया वाकवून गल्लीबोळांत गोल्फ खेळतात. प्लॅस्टिकचा चेंडू आणि गटारांच्या कडेने वाट. पत्र्यावर चेंडू गेला तर काय, याचे त्यांचे नियम आमच्यापेक्षा स्पष्ट असावेत.

तर हा कॅडी सगळं बघतो. साहेबांचा चेंडू झाडाच्या मुळाशी अडकला असेल तर काही कॅडी अनवाणी पायाच्या बोटांनी तो अलगद उचलून मोकळ्यावर ठेवतात, चालता चालता, खाली न पाहता. साहेब आभाळ बघतात. कॅडीने चेंडू हलवला तरी दंड खेळाडूलाच, असं पुस्तक स्पष्ट सांगतं, पण आभाळ बघणाऱ्याला पुस्तक कसं दिसणार? आणि लबाडी कुणाची म्हणायची ही? बक्षिशीवर घर चालणाऱ्याची, की आभाळ बघणाऱ्याची? साठीच्या माणसाला पंचविशीतला मुलगा ‘ए, सात नंबर दे’ म्हणतो, तेही कॉलरचा शर्ट घालून. त्याला मात्र कुणी हटकत नाही.

मी फार शहाणा होतो असं समजू नका. चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. महिन्याची स्पर्धा होती, मी कधी नव्हे तो बरा खेळत होतो. आठव्या गलीला चेंडू बाभळीमागे गेला. मी काठी फिरवली ती चेंडूला लागलीच नाही, नुसतं वारं घातलं. मारायच्या हेतूने फिरवली तर तोही फटकाच. जोडीदार पलीकडच्या कडेला होता. पुढे ग्रीनवर त्याने विचारलं, ‘किती झाले?’ माझ्याआधी माझे कॅडी बोलले, ‘सहा ना, साहेब?’

सात झाले होते. मी म्हणालो, ‘हं.’

शब्दसुद्धा नाही, नुसता हुंकार. त्या दिवशी मला एका फटक्याने तिसरं बक्षीस मिळालं, एक भलीमोठी गोल्फची छत्री. ती अजून माळ्यावर आहे. ती का वापरत नाही हे माझी बायको वर्षानुवर्षं विचारते. ती दुसऱ्या रांगेत बसली आहे, तिला आज कळलं.

पुढे तीन महिन्यांनी मी कॅडींना म्हणालो, ‘अहो, त्या दिवशी सहा नव्हते, सात होते.’ ते बॅगेचा पट्टा आवळत होते. वर न बघता म्हणाले, ‘माहितीये की.’ मी म्हटलं, ‘मग बोलला का नाहीत?’ तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि हसले. ‘बोलून बसलो तर उद्या बॅग कोण देणार, साहेब?’

यावर मला काही सुचलं नाही. अजूनही सुचत नाही. मी एवढंच केलं की त्या दिवसापासून जोडीदाराने विचारायच्या आत, कॅडींच्या देखत, मोठ्याने आकडा सांगायला लागलो. वारं घातलेलं धरून. सुरुवातीला ते अवघडायचे. एकदोनदा ‘एक सोडा की’ म्हणाले. मग म्हणेनासे झाले. आता ते बासष्टचे आहेत, गुडघा दुखतो, म्हणून बॅग ढकलगाडीवर असते आणि चढावर ती मी ढकलतो.

गेल्या रविवारची गोष्ट. बाराव्या गलीला माझी पार वाताहत झाली. पाण्यात एक, बंकरमध्ये तीन, ग्रीनवर किती कोण जाणे. जोडीदार पेन्सिल घेऊन उभा. मी बोटांवर मोजलं आणि खणखणीत आवाजात म्हणालो, ‘नऊ.’

कॅडी झेंडा गलीत परत लावत होते. तिथूनच म्हणाले, ‘दहा, साहेब.’