वेग हेच चिलखत: 'क्वीन मेरी'ची युद्धातली वर्षं

मार्च 1940. न्यूयॉर्कच्या धक्का क्रमांक 90 वरून एक राखाडी जहाज निघतं. तीन धुराडी. आधी ती लालभडक असायची, आता तीही राखाडीच. खिडक्यांच्या काचा काळ्या केलेल्या. पाण्यात पेरलेल्या चुंबकीय सुरुंगांना फसवण्यासाठी सबंध सांगाड्याभोवती विजेच्या तारांचं वेटोळं. ही 'क्वीन मेरी'. चार वर्षांपूर्वी श्रीमंत प्रवाशांना साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला नेणारी, अटलांटिक सर्वांत जलद ओलांडण्याचा मान मिळवणारी.

स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या जॉन ब्राउन कंपनीत ती बांधली गेली. लांबी 1,019 फूट. पोटात यॅरो पद्धतीचे 24 बॉयलर, त्यांच्या वाफेवर चालणारी टर्बाइन, पाणी मागे ढकलणारे चार पंखे आणि 1,60,000 अश्वशक्ती. दिवसाला सुमारे 1,000 टन तेल पिऊन ती साडेअठ्ठावीस नॉटचा, म्हणजे तासाला सुमारे 53 किलोमीटरचा, वेग दिवसचे दिवस टिकवायची. पुढचं सगळं या एका आकड्याभोवती फिरतं, म्हणून तो लक्षात ठेवा.

केप टाउनला वळसा घालून ती एप्रिलमध्ये सिडनीला पोहोचली. तिथे कोकाटू गोदीच्या कारागिरांनी तिचं रूपच बदललं. गालिचे, काचसामान, फर्निचर बाहेर गेलं आणि आत लाकडी फळ्यांचे पलंग नि झोळ्या आल्या. मे महिन्यात सुमारे 5,000 सैनिक घेऊन ती ब्रिटनकडे निघाली. तळ तपासायला, घासून रंगवायला मात्र तिला पुढे सिंगापूरला न्यावं लागलं. सिडनीत तिला सामावेल एवढी सुकी गोदीच तेव्हा नव्हती.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियन सैनिकांना घेऊन ती पुन्हा सिडनीहून निघाली. सैनिकांना जायचं होतं मध्यपूर्वेला, पण जहाज आलं मुंबईला. इटली युद्धात उतरली होती, लाल समुद्राच्या काठी मसावाला तिचा नाविक तळ होता. एवढं मोलाचं जहाज त्या चिंचोळ्या पाण्यात घालायला कुणी तयार नव्हतं. मुंबईत माणसं उतरवून लहान जहाजांनी पुढे पाठवली गेली. उष्ण पाण्यातल्या या फेऱ्या सैनिकांना फार जड गेल्या. जहाजाची हवा खेळवण्याची व्यवस्था उत्तर अटलांटिकच्या थंडीसाठी केलेली. विषुववृत्ताच्या आसपास आतल्या खोल्यांची भट्टी व्हायची.

1942 मध्ये अमेरिकन सैन्याची ने-आण सुरू झाली आणि गर्दीचं गणितच पालटलं. आतलं दृश्य असं: लोखंडी नळ्यांच्या चौकटी, त्यांवर ताणलेलं कॅनव्हास, एकावर एक सहा पलंग. रिकाम्या केलेल्या जलतरण तलावातही असेच पलंग. तेवढ्यानंही भागेना, तेव्हा एकच पलंग पाळीपाळीनं वापरला जाई. जहाजाचे तीन भाग पाडले होते: पुढे लाल, मध्ये पांढरा, मागे निळा. प्रत्येक सैनिकाच्या छातीवर त्याच्या भागाच्या रंगाचा बिल्ला असायचा आणि दुसऱ्या रंगात पाऊल टाकायची मनाई. ही शिस्त उगाच नव्हती. हडसन नदीखालून मोटारींचे बोगदे जातात आणि भरलेलं जहाज त्यांच्यावरून जायचं. जहाजाची रुंदी 118 फूट, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत 59. ते नुसतं एक अंश कललं, तरी एक कड फूटभर खाली जाते. हजारो माणसं स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बघायला एका बाजूला धावली असती, तर काय झालं असतं याचा हिशेब सोपा आहे.

जेवण दिवसातून दोनदा, तेही पाळ्या लावून. गोडं पाणी मोजून. जीवरक्षणाची साधनं, म्हणजे बोटी, तराफे वगैरे, सुमारे 8,000 माणसांपुरतीच. मग 16,000 न्यायची की 8,000? अमेरिकेचे सेनाप्रमुख जॉर्ज मार्शल यांनी हे चर्चिल यांना थेट विचारलं होतं. जास्तीत जास्त माणसं न्यायची, असं ठरलं. जुलै 1943 च्या एका फेरीत सैनिक आणि खलाशी मिळून 16,683 माणसं जहाजावर होती. एका जहाजावरचा हा उच्चांक आजही कायम आहे.

हे धाडस वेगाच्या भरवशावर होतं. त्या काळची जर्मन पाणबुडी पृष्ठभागावर सतरा नॉटच्या आसपास, पाण्याखाली सात-आठ नॉट चालायची. पाठलाग करून ती 'क्वीन मेरी'ला गाठूच शकत नव्हती. पण वाटेत दबा धरून बसू शकत होती. त्यावर उपाय नागमोडी चालीचा. चाल क्रमांक 8 अशी: ठरलेल्या दिशेने 4 मिनिटं, उजवीकडे 25 अंश वळून 8 मिनिटं, डावीकडे 50 अंश वळून 8, परत मूळ दिशेवर 4, मग हेच उलट बाजूने. 40 मिनिटांत एक फेरा. यामुळे प्रत्यक्ष पुढे सरकण्याचा वेग साडेसव्वीस नॉटवर येई.

2 ऑक्टोबर 1942. आयर्लंडच्या उत्तरेला, दुपारी दोननंतर. सुमारे 10,000 अमेरिकन सैनिक घेऊन 'क्वीन मेरी' याच चालीने येत होती. संरक्षणाला पहिल्या महायुद्धाच्या काळातली क्रूझर, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, 'क्युरासोआ'. ती 25 नॉटने सरळ चाललेली, त्यामुळे 'क्वीन मेरी' मागून हळूहळू जवळ येत होती. नागमोडी चालीत सोबतच्या जहाजाने बाजूला राहायचं, असं 'क्वीन मेरी'चे कप्तान इलिंगवर्थ धरून चालले होते. मागून येणाऱ्याने पुढच्याला टाळायचं, हा समुद्राचा साधा नियम 'क्युरासोआ'च्या कप्तान बाउटवुड यांच्या डोक्यात. दोघांनी एकमेकांच्या मनातलं आधी विचारून घेतलं नव्हतं. आपली चूक दोन्हीकडे लक्षात आली तेव्हा उशीर झाला होता. ऐंशी हजार टनी जहाजाच्या नाळेनं, म्हणजे पुढच्या टोकानं, चार हजार टनांच्या क्रूझरचे दोन तुकडे केले. 'क्वीन मेरी'वरच्या अनेकांना नुसता हलका हादरा जाणवला.

ती थांबली नाही. पाणबुड्यांच्या पाण्यात कोणत्याही कारणाने थांबायचं नाही, हा हुकूम होता. पाण्यातल्या माणसांना उचलायला काही मैलांवरच्या विनाशिका आल्या. 101 वाचले, 337 गेले. 'क्वीन मेरी'ची फाटलेली नाळ आतून आधार देऊन, सिमेंट भरून टिकवली गेली आणि पक्की दुरुस्ती बॉस्टनला झाली. घटना युद्ध संपेपर्यंत गुप्त राहिली.

1947 मध्ये न्यायालयाने सारा दोष 'क्युरासोआ'वर ठेवला. अपिलात तो 'क्युरासोआ'कडे दोन-तृतीयांश आणि 'क्वीन मेरी'कडे एक-तृतीयांश असा विभागला गेला, आणि 1949 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठानं, तो निकाल कायम केला. त्या 337 घरांना या अपूर्णांकांचा कितपत आधार वाटला असेल?

युद्धकाळात साडेसात लाखांहून अधिक सैनिक 'क्वीन मेरी'नं वाहून नेले. 1946 मध्ये याच जहाजातून अमेरिकन सैनिकांच्या हजारो ब्रिटिश बायका, तान्ह्या मुलांसह, नव्या घरी गेल्या. 31 जुलै 1947 ला नेहमीची प्रवासी वाहतूक पुन्हा सुरू झाली. 1967 मध्ये ती विकली गेली. पनामा कालव्याच्या 110 फुटी दरवाजांत मावत नसल्यामुळे दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून, डिसेंबरमध्ये ती कॅलिफोर्नियात लाँग बीचला पोहोचली. तिथे तिचं हॉटेल झालं. आजही ती तिथेच उभी आहे. मागचं इंजिनघर बघायला मिळतं. बॉयलर मात्र सगळे काढून टाकले आहेत.