‘वेन्ट’ नक्की कुणाचा?

(पडद्यावर फळा. खडूने लिहिलेलं : गो – वेन्ट – गॉन)

शाळेत पाठ केलेला हा तक्ता आठवतो? वॉक-वॉक्ड, प्ले-प्लेड असं सगळं सुरळीत चाललेलं, आणि मध्येच ‘गो’चा भूतकाळ ‘वेन्ट’! एक अक्षर जुळत नाही. जुळेल कसं? तो शब्द मुळात ‘गो’चा नाहीच.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापद होतं ‘गान’. अर्थ जाणे, आणि पायी चालणेसुद्धा. त्याचा भूतकाळ ‘एओडे’. गंमत म्हणजे तोही दुसऱ्याच धातूचा.

(इंग्लंडमधली वळणावळणाची पायवाट)

त्याच भाषेत आणखी एक क्रियापद नांदत होतं : ‘वेंड’. म्हणजे वळणे, आणि पुढे वाट धरणे. सेंडचं सेन्ट, बेंडचं बेन्ट, तसं वेंडचं वेन्ट. पंधराव्या शतकाच्या सुमारास दक्षिण इंग्लंडमध्ये ‘एओडे’चा वंशज मागे पडला आणि लोकांनी हा ‘वेन्ट’ उचलून ‘गो’ला दिला. उत्तरेकडे, स्कॉटलंडात, मात्र ‘गो’पासूनच ‘गेड’ घडवलं गेलं. आपला भूतकाळ गमावलेल्या ‘वेंड’ला मग नवा ‘वेंडेड’ मिळाला. आज तो रमतगमत वाट कापण्यापुरता उरलाय.

(फळा पुन्हा. आता मराठीत : जातो – गेला)

आता इकडे बघा. जातो, जाईल, जा… आणि गेला. ‘ग’ आला कुठून? ‘जा’ आला संस्कृत ‘या’ धातूपासून, ‘याति’मधला. ‘गेला’ आला ‘गम्’ धातूच्या ‘गत’पासून. तिथे घडलं तेच इथेही घडलं, आणि आपण रोज बोलतो तरी कधी अडखळत नाही! सतत तोंडात असलेले शब्दच असा बेबनाव पचवतात. क्वचित लागणाऱ्या शब्दांना लोक नियमात बसवून टाकतात.

अर्थही कसे शेजारी उभे आहेत पाहा. इंग्रजीतला ‘अगो’ म्हणजे मुळात ‘निघून गेलेला’. आपण म्हणतो, ‘गेल्या वर्षी’. बल्ब तिथेही ‘जातो’, इथेही. आणि घरातलं वडीलधारं माणूस वारलं, तर दोन्हीकडे आवाज खाली आणून एवढंच सांगतात : गेले.

(अंगणात खेळणारं लहान मूल)

इंग्रजी बोलणारी मुलं लहानपणी हमखास ‘गो’लाच ‘ड’ जोडून भूतकाळ करतात. नियम त्यांना बरोबर कळलेला असतो. मग घरातलं कुणीतरी हळूच सांगतं : वेन्ट.