ॲडम्स यांनी टाळलेलं युद्ध

मंडळी, वॉशिंग्टन आणि जेफरसन यांच्यामध्ये अमेरिकेला आणखी एक राष्ट्राध्यक्ष लाभला होता, जॉन ॲडम्स. १७९६ ची निवडणूक त्यांनी ७१ विरुद्ध ६८ निर्वाचक मतांनी (राज्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या मतांनी) जिंकली. मंत्री मात्र वॉशिंग्टन यांच्याच काळातले ठेवले, आणि त्यांतले प्रमुख जण सल्ल्यासाठी ॲडम्स यांच्याच पक्षातला बडा नेता अलेक्झांडर हॅमिल्टन याच्याकडे जात. घरातच फट होती.

तेव्हा फ्रान्स अमेरिकेवर चिडलेला होता. अमेरिकेनं ब्रिटनशी करार केला, याचा तो राग. फ्रेंचांनी तीनशेहून अधिक अमेरिकी व्यापारी जहाजं पकडली. बोलणी करायला गेलेल्या तीन अमेरिकी दूतांकडे फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्र्याच्या माणसांनी चक्क लाच मागितली. १७९८ मध्ये ती कागदपत्रं बाहेर आली आणि देश पेटला. नौदलाचं स्वतंत्र खातं उभं राहिलं, समुद्रात लढाया सुरू झाल्या. युद्ध जाहीर तेवढं झालं नाही.

त्या संतापाच्या भरात काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, राजद्रोहाचा कायदा केला. सरकार, काँग्रेस किंवा राष्ट्राध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटं आणि द्वेषमूलक लिहिणं हा गुन्हा ठरला. उपराष्ट्राध्यक्षाचं नाव त्यात नव्हतं, कारण त्या पदावर विरोधी पक्षाचे जेफरसन होते! व्हरमाँटचे खासदार मॅथ्यू लायन चार महिने तुरुंगात गेले, आणि लोकांनी त्यांना तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिलं. या कायद्यावर सही ॲडम्स यांची आहे. मला हा माणूस आवडतो, तरी ही सही मी झाकणार नाही. स्वातंत्र्यासाठी आयुष्य वेचलेल्या माणसानं ती करायला नको होती.

पण याच माणसानं फेब्रुवारी १७९९ मध्ये मंत्र्यांना न विचारता फ्रान्सकडे नवा दूत पाठवायचं जाहीर केलं. त्यांच्याच पक्षाला युद्ध हवं होतं, मोठं सैन्य हवं होतं, आणि त्या सैन्याची सूत्रं हॅमिल्टनच्या हाती होती. पक्ष खवळला. ॲडम्स हटले नाहीत. मे १८०० मध्ये त्यांनी दोन मंत्री घरी पाठवले. हॅमिल्टननं निवडणुकीच्या तोंडावर त्यांच्याविरुद्ध पत्रक छापलं. ३० सप्टेंबर १८०० ला फ्रान्सशी तह झाला, पण जहाजानं येणारी बातमी ती! मतदारांपर्यंत ती वेळेत पोचलीच नाही. ॲडम्स ६५ विरुद्ध ७३ असे हरले.

४ मार्च १८०१ च्या पहाटे चार वाजता, जेफरसन यांच्या शपथविधीआधीच, ते घोडागाडीनं राजधानी सोडून गेले. सत्ता मात्र विरोधकांच्या हाती शांतपणे गेली. एक शिपाईही रस्त्यावर उतरला नाही.

पुढे १८१५ मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, त्यांनी एका पत्रात लिहिलं की माझ्या थडग्यावर एवढंच कोरा: १८०० साली फ्रान्सशी शांतता करण्याची जबाबदारी ज्यानं स्वतःच्या शिरावर घेतली, तो जॉन ॲडम्स इथे विसावला आहे.