पाना फिरायला जागा

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. हे आकडे कोल्हापुरात शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत चिखली-आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यापर्यंत माणसं बाहेर काढली ती बोटींनी. त्या बोटींच्या इंजिनांविषयी मात्र फारसं कुणी बोलत नाही.

पुराचं पाणी गाळ घेऊन येतं, आणि बोटीचं इंजिन गार राहतं ते त्याच पाण्यावर. रबरी पात्यांचा एक छोटा इम्पेलर ते पाणी वर ओढतो. गाळानं ही पाती झिजतात. इंजिनातून बाहेर उडणारी पाण्याची बारीक धार मंदावली, की इंजिन लगेच बंद करायचं. बोटीच्या मागे लटकवलेल्या इंजिनात हा इम्पेलर बसतो गिअरकेसच्या, म्हणजे खालच्या गिअरच्या पेटीच्या, डोक्यावर. म्हणजे रबराच्या एका तुकड्यासाठी खालचा अख्खा भाग उतरवायचा, गिअरचा दांडा सोडवायचा. भर पुरात हे होणार कसं?

म्हणून हे काम पावसाळ्याआधीच उरकायचं. आणि जोडताना प्रत्येक बोल्टला ग्रीस लावायचं. ॲल्युमिनियममध्ये कोरडा बसवलेला स्टीलचा बोल्ट असा धरतो, की पुढच्या वेळी मान तुटून हातात येते.

बोटीच्या पोटात बसवलेल्या इंजिनात बराचसा त्रास बसवतानाच तयार होतो. इम्पेलरच्या पंपाचं झाकण समोरच्या फळीकडे तोंड करून, ऑइल फिल्टर पार खाली, पाना पाव फेराही फिरत नाही. यावर उपाय आहेत. झाकणाचे बारीक स्क्रू काढून तिथं बोटांनी फिरतील असे, खाचदार डोक्याचे स्क्रू लावता येतात. ऑइल काढायच्या तोंडाला नळी जोडून ती वर घेता येते, मग हातपंपानं ऑइल ओढायचं. इंजिनासमोरची फळी खिट्टीवर ठेवायची, ओढली की निघाली पाहिजे. कापायची ती फळीच. बोटीच्या फासळ्यांना करवत लावायची नाही, बोटीची ताकद त्यांच्यावर असते.

उसाला पाणी देणाऱ्या ऑइल इंजिनांचे भाग कोल्हापूरनं ओतले, घडवले. उद्यमनगरातल्या लेथवर असं झाकण आणि चार स्क्रू सहज होतील.

बोट घेताना आपण अश्वशक्ती बघतो, किती माणसं बसतील ते बघतो. माझं म्हणणं एवढंच, की त्याच वेळी आपल्या मिस्त्रींना इंजिनापाशी बसवावं, इम्पेलर काढून दाखवा म्हणावं, आणि किती वेळ लागला तो खरेदीच्या कागदावर लिहावा.