जुनी फिल्म कुठे आहे?

विषाणूजन्य न्यूमोनिया आणि फुफ्फुसाचं फायब्रोसिस (फुफ्फुसात कायमचे व्रण पडून ते आक्रसणं) यांतला फरक सांगायचा, असा आजचा विषय आहे. सांगतोच. पण त्याआधी एक तक्रार मांडतो, कारण माझ्या मते निम्मा विषय तिथेच आहे. पेशंटच्या पिशवीत रिपोर्ट असतात, एक्स-रेची फिल्म नसते! जुनी फिल्म 'आता काय कामाची' म्हणून रद्दीत गेलेली असते.

एका बाईंचं उदाहरण देतो. दर काही महिन्यांनी ॲडमिट व्हायच्या, डिस्चार्ज कार्डावर दर वेळी 'न्यूमोनिया'. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, सोबत स्टेरॉइड. बरं वाटलं की घरी. घरी गेल्या की पुन्हा धाप. मी हात पुढे करायला सांगितले, तर बोटांची टोकं फुगलेली, नखं गोलसर. अहो, चार दिवसांच्या विषाणूनं बोटं अशी होत नाहीत! पाठीला स्टेथोस्कोप लावला. दोन्ही बाजूंना, अगदी तळाशी, श्वास आत घेताना बुटाचा व्हेल्क्रो उचकटावा तशी चरचर. मुलाला म्हटलं, घरातली कपाटं धुंडाळ. त्यानं आणलेल्या जुन्या एक्स-रेवर आताच्यासारखंच व्रणांच्या रेषांचं जाळं, तेव्हापासूनचं. मग विचारलं, घरी पक्षी आहेत का? गॅलरीत कबुतरं पाळलेली. वॉर्डात कबुतरं नव्हती, शिवाय स्टेरॉइड चालू होतं, म्हणून तिथे बरं वाटायचं. श्रेय मात्र प्रत्येक वेळी अँटिबायोटिकला. हा हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासातून जाणाऱ्या कबुतरांच्या विष्ठा-पिसांच्या धुळीची ॲलर्जी होऊन फुफ्फुसाला येणारी सूज. ती चालू राहिली की फायब्रोसिस होतं. वेळीच ओळखून कबुतरं हलवली असती, तर इतकं फुफ्फुस आक्रसलं नसतं. याचा मला आजही राग येतो.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा भराभर सांगतो. विषाणूचं दुखणं दिवसांत वाढतं. ताप, अंगदुखी, बहुधा आसपास कुणीतरी आजारी. फायब्रोसिस महिनोन्‌महिने सरकतं. कोरडा खोकला, जिना चढताना धाप, ताप सहसा नाही. सीटीवर विषाणूचा धुरकटपणा दिसतो आणि बहुतेकांत काही आठवड्यांत ओसरतो. फायब्रोसिसमध्ये जाळं, ओढून रुंदावलेल्या श्वासनलिका, तळाशी मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या. त्या पुसल्या जात नाहीत. नुसत्या धुरकटपणावर निदान करू नका. विषाणू, कबुतरं, हृदयाच्या ठोक्यांसाठीच्या ॲमिओडॅरोनसारखी औषधं, सगळ्यांत तो दिसतो.

विषाणू शोधणारी पीसीआर चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून फायब्रोसिस नाही, असंही नाही. जुन्या जाळ्यावर महिन्याभरात नवा धुरकटपणा आला, तर तो फायब्रोसिसचाच भडका असू शकतो आणि तो विषाणूमुळेही पेटतो.

शेवटचं, औषधांचं. कारण न सापडणाऱ्या फायब्रोसिसमध्ये, म्हणजे आयपीएफमध्ये, प्रेडनिसोलोन वर्गातलं स्टेरॉइड, अझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टीन एकत्र दिल्यानं मृत्यू वाढले, हे 2012 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. पिरफेनिडोन आणि निंटेडानिब ऱ्हासाचा वेग कमी करतात, गेलेलं फुफ्फुस परत आणत नाहीत. म्हणून ती औषधं लवकर सुरू व्हायला हवीत. आता प्रश्न विचारा. आणि कुणी फिल्म आणली असेल, तर आधी ती द्या.